सिंहाचा ठसा दिसला म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग, असं नाही

जुनी चांदी ओळखायचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय: सिंह असेल तर वस्तू इंग्लंडची आणि स्टर्लिंग (म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी), शेजारचं अक्षर म्हणजे साल, आद्याक्षरं कारागिराची, आणि ९२५ नसेल तर माल खोटा. या भरवशावर लोक घरातल्या चांगल्या वस्तू भंगाराच्या भावात काढतात, म्हणून हे लिहितेय.

आधी सिंह. लंडनमध्ये १५४४ पासून स्टर्लिंगवर चालता सिंह उमटतो, हे खरं. पण अमेरिकेतल्या गोरहॅम कंपनीचा ट्रेडमार्कच सिंह, नांगर आणि 'जी' असा होता. मेसेजचा नियम लावला तर वस्तू इंग्लंडची ठरते, नांगर हा बर्मिंगहॅम शहराचा ठसा म्हणून बर्मिंगहॅमची, आणि 'जी' हे सालाचं अक्षर. प्रत्यक्षात ती ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सची! शिवाय गोरहॅमने स्टर्लिंगचा कस स्वीकारला १८६८ मध्ये. त्याआधी तिथे साधारण ९०० कसाची चांदी वापरत. भिंग लावून सिंह कुठल्या बाजूला चालतोय ते बघा. इंग्लंडचा डावीकडे चालतो, गोरहॅमचा बहुधा उजवीकडे. जर्मनीतल्या हानाऊच्या कारागिरांनी तर जुन्या ठशांसारखे दिसणारे ठसे सर्रास मारले.

उलट बाजूही आहे. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडमध्ये स्टर्लिंगऐवजी ९५८ कसाची ब्रिटानिया चांदी सक्तीची होती. तिच्यावर चालता सिंह नसतो, बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंहाचं नुसतं मुंडकं असतं. म्हणजे सिंह नाही आणि कस मात्र जास्त.

सालाच्या अक्षराचं म्हणाल, तर लंडनमध्ये वीस अक्षरांचं चक्र चाले. 'ए' १७९६ मध्ये आला, तसाच १८१६, १८३६ आणि १८५६ मध्येही. फरक असतो तो अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या चौकटीच्या आकारात. त्यातून चांदी तपासून ठसा मारणाऱ्या प्रत्येक शहरातल्या कचेरीचं चक्र वेगळं, म्हणून आधी शहराचा ठसा बघायचा: लंडनचं बिबट्याचं मुंडकं, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट (१९७५ पासून गुलाब), एडिंबरोचा किल्ला. सोबत राजाचं किंवा राणीचं मस्तक असेल तर फार सोपं होतं, कारण तो कर भरल्याचा ठसा १७८४ ते १८९० एवढाच चालला.

आद्याक्षरं ज्याने वस्तू तपासणीला पाठवली त्याची. तो कारागीर असेल, पेढीचा मालक असेल, नाहीतर नुसता विक्रेता. एकाच आद्याक्षरांची अनेक माणसं नोंदलेली असतात, त्यामुळे मधला ठिपका आणि चौकटीची कड जुळल्याशिवाय नाव घेऊ नये.

आणि ९२५? ब्रिटनमध्ये हा आकडा सक्तीचा झाला १९९९ मध्ये. त्याआधी १९०४ पासून तो आयात मालावर मारत. तेव्हा १९०४ ते १९९८ मधल्या वस्तूवर ब्रिटिश कचेरीच्या ठशाबरोबर '.९२५' दिसलं, तर ती बहुधा ब्रिटनबाहेर घडलेली असते.