‘इथे पाहा’ म्हणजे कुठे?

रविवारी सकाळी नागपुरातल्या शंकरनगरच्या कट्ट्यावर तर्री-पोह्यांच्या प्लेटी हातात येईपर्यंत वाद सुरू झाला होता. आमचा एक दृष्टिहीन मित्र नोकरी सांभाळून एका विद्यापीठाचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम करतो आहे. त्याच्या निम्म्या पुस्तिका स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रणालीने, वाचल्याच नाहीत, कारण त्या म्हणजे छापील पानांची नुसती छायाचित्रे होती. उरलेल्या युनिकोडपूर्वीच्या (म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय प्रणाली येण्याआधीच्या) मराठी फॉण्टमध्ये असल्यामुळे पडद्यावर ‘अर्थशास्त्र’ स्पष्ट दिसत असतानाही त्याच्या कानावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन मालिका पडत होती.

“पुस्तिका मी कोणाकडून तरी वाचून घेईन,” तो म्हणाला, “पण चाचणीत जोड्या माऊसने ओढून लावायच्या होत्या. कळफलकाने ते होत नाही आणि २० मिनिटांनी पान आपोआप बंद होते. उत्तरे येत असूनही माझे पान कोरे गेले.”

आमच्यातल्या प्राध्यापक मित्राला हे पटत होते, तरी त्याची हरकत निराळी होती. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाच्या मोफत ऑनलाइन सामग्रीतील, दिव्यांगांना अडचणीच्या ठरणाऱ्या त्रुटींवर बोट ठेवले, तेव्हा विद्यापीठाने २०१७मध्ये २० हजारांहून अधिक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी बंद केली. “आग्रह इतका ताणला, तर कोणालाच काही मिळणार नाही. आमच्याकडे चित्रीकरणालाच माणसे नसतात, उपशीर्षके कोण लिहिणार?”

संगणक क्षेत्रातल्या मित्राने हा दाखला उलटा वाचला. वर्षानुवर्षे उपशीर्षकांविना साठवलेली व्याख्याने एकदम दुरुस्त करण्याची वेळ आल्यामुळे तो खर्च डोंगराएवढा झाला होता. लिहितानाच युनिकोड वापरायला आणि मथळे स्क्रीन रीडरला ओळखता यावेत म्हणून त्यांना मथळ्याची शैली द्यायला वेगळा पैसा लागत नाही. शिवाय अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५मध्ये दाखल केलेल्या दाव्यानंतर हार्वर्डने २०१९मध्ये आणि एमआयटीने २०२०मध्ये उपशीर्षके देण्याचे मान्य केले, हेही त्याने सांगितले. माझे मत विचाराल, तर बर्कलीने व्याख्याने बंद केली हे वाईटच झाले, पण त्याचा दोष तक्रार करणाऱ्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

मग दृष्टिहीन मित्राने प्राध्यापकाच्याच एका व्हिडिओचा विषय काढला. “तू म्हणतोस, ‘इथे पाहा, ही रेषा अशी जाते.’ इथे म्हणजे कुठे? ‘किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरते,’ एवढे म्हणायला तुला कोणते अनुदान लागते, भाऊ?”

प्राध्यापक काही वेळ गप्प राहिला. वर्गातही आपण असेच बोलतो, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले. ते एक वाक्य कुहीहून एसटीने येताना फोन खिशात ठेवून नुसते ऐकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तितकेच लागते, हे मला त्या क्षणी प्रथमच नीट जाणवले.

नको असेल त्याने ऑनलाइन शिकू नये, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरून पूर्ण करता येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुगम्यता, म्हणजे डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे, हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

जुन्या व्हिडिओंचे काय करायचे, यावर मात्र प्राध्यापक आणि संगणक क्षेत्रातला मित्र यांचे शेवटपर्यंत जुळले नाही. उठताना प्राध्यापकाने दृष्टिहीन मित्राला पुढचा व्हिडिओ तयार झाला की तपासून देशील का, असे विचारले.

“व्हिडिओ नको,” मित्र म्हणाला, “त्याच्या आधीची संहिता पाठव. आणि युनिकोडमध्ये पाठव.”