चाक आपोआप पळत नाही

मॅरेथॉनचा मोसम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. व्हीलचेअरवाले ४२ किलोमीटर दीड तासाच्या आत संपवतात, पायांनी धावणाऱ्या अव्वल माणसाला दोन तास लागतात; म्हणजे पळतं ते चाक, माणूस नुसता बसलेला. स्पर्धक मोजकेच, त्यामुळे उतरेल त्याला पदक. टात्याना मॅकफॅडनसारख्या अमेरिकी व्हीलचेअरपटूचं कौतुक होतं ते अनाथाश्रमाच्या कहाणीमुळे, आणि तिनं तर शाळेलाच कोर्टात खेचलं, पैशासाठी. परवा आमच्या नात्यातल्या एका गुरुजींनीही हा मजकूर पुढे पाठवला. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांना हे खरंच पटलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चाकाचं. आकडे खरे आहेत. केल्विन किपटुमनं २०२३ साली शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, तर स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगनं २०२१ साली जपानमधल्या ओइटाला व्हीलचेअरवर १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत. पण हाच हिशेब १०० मीटरला लावून बघा. उसेन बोल्टचे ९.५८ सेकंद सगळ्यांना पाठ आहेत. फिनलंडच्या लिओ-पेक्का टाहटीनं २०१२ साली लंडनला व्हीलचेअरवर जागतिक विक्रम केला, तो १३.६३ सेकंदांचा. चार सेकंदांचा फरक! पळण्याचं काम चाकच करत असतं, तर ते १०० मीटरला कुठे गेलं होतं?

कारण साधं आहे. थांबलेली खुर्ची हलवायची ती हातांनीच. रेसिंग खुर्चीला मोटर नसते, गिअर चालत नाहीत. मागची चाकं मोठी असतात आणि त्यांना जोडलेली, हातानं रेटायची कडी त्यांच्यापेक्षा बरीच लहान. सायकल सगळ्यात जड गिअरवर टाकून उभ्या जागेवरून निघायचा प्रयत्न करा, म्हणजे सुरुवातीचे पाच-सहा रेटे कसे असतात याचा थोडा अंदाज येईल. एकदा वेग आला की सपाटीवर चाक साथ देतं, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच तर ही शर्यत वेगळी धरतात, विजेता वेगळा, विक्रमही वेगळे. किपटुमला हरवलं असं कुणी व्हीलचेअरपटू म्हणत नाही. तुलना मजकूर लिहिणाऱ्यानं केली आहे.

आणि चढाचं काय? माझ्या वडिलांची खुर्ची मी तीन वर्षं ढकलली. आमच्या सोसायटीच्या जिन्याशेजारचा रॅम्प जेमतेम दहा पावलांचा, पण मध्यावर क्षणभर हात सैल पडला की खुर्ची मागे माझ्या पोटावर यायची. चाक उतारावर जेवढं उदार, तेवढंच चढावर निर्दय. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये, २५-२६ किलोमीटर हातांनी रेटून झाल्यावर, न्यूटनच्या टेकड्या सुरू होतात. तिथे प्रत्येक रेटा सुटला की खुर्ची मागे सरकू बघते.

याच बॉस्टनचे दोन आकडे मला फार बोलके वाटतात. २०१७ साली स्वित्झर्लंडच्या मॅनुएला शेअरनं तिथे व्हीलचेअरवर १ तास २८ मिनिटं १७ सेकंदांत शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी गारठा, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा. त्या दिवशी टात्याना जिंकली, पण वेळ लागला २ तास ४ मिनिटं ३९ सेकंद. रस्ता तोच, चाकंही तशीच, आणि ३६ मिनिटं जास्त. पायांनी धावणाऱ्या महिलांची विजयी वेळ त्या दोन वर्षांत साधारण १८ मिनिटांनी लांबली. खुर्चीची त्याच्या दुप्पट. पावसात काय होतं ते समजून घ्या. ही माणसं पाय खाली दुमडून, छाती मांड्यांना टेकवून बसतात. हातात कडक हातमोजे. मूठ कडीवर वरून आदळायची, खालपर्यंत रेटत न्यायची, सोडायची, पुन्हा वर. कडी ओली झाली की मूठ घसरते आणि अर्धा रेटा वाया जातो. टात्याना तर आदल्या वर्षी रक्ताच्या गुठळ्यांच्या दुखण्यातून उठली होती. तिला 'नुसती बसलेली' म्हणायचं?

दुसरा मुद्दा, उतरेल त्याला पदक. टात्याना २००४ साली अथेन्सला पहिल्यांदा पॅरालिम्पिकला गेली तेव्हा १५ वर्षांची होती. एक रौप्य, एक कांस्य. २००८ साली बीजिंगला चार पदकं, त्यातलं एकही सुवर्ण नाही. पहिलं सुवर्ण मिळालं २०१२ साली, लंडनला. आठ वर्षं! २०१६ साली रिओत चार सुवर्णं जिंकली खरी, पण मॅरेथॉनमध्ये चीनच्या झोऊ लिहोंगची आणि तिची वेळ सेकंदापर्यंत एकच, १:३८:४४, आणि सुवर्ण झोऊचं. तिथल्याच ५००० मीटरला पहिल्या तिघी अमेरिकेच्या. तिघींमध्ये मिळून अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. ज्या शर्यतीत कुणीही उतरून पदक नेतं, तिथे असे निकाल लागतात का?

२०१३ साल तर डोळे दिपवणारं आहे. फ्रान्समधल्या ल्योंला झालेल्या अपंगांच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत १०० मीटरपासून ५००० मीटरपर्यंत सहा सुवर्णपदकं. त्याच वर्षी बॉस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन तिच्या. एका वर्षात या चारही शर्यती त्याआधी कुणीच जिंकल्या नव्हत्या, पायांनी धावणाऱ्यांनीसुद्धा. १५ एप्रिलला ती बॉस्टनला जिंकली आणि त्याच दुपारी अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. सहा दिवसांनी, आपल्या चोविसाव्या वाढदिवशी, ती लंडनला जिंकली. बोल्टनं १०० मीटरबरोबर मॅरेथॉनही जिंकली असती तर आपण काय म्हटलं असतं?

अनाथाश्रमाबद्दल थोडक्यात. ती १९८९ साली लेनिनग्राडमध्ये जन्मली, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष घेऊन. शस्त्रक्रियेसाठी २१ दिवस गेले. कंबरेखाली ताकद राहिली नाही. आश्रमात व्हीलचेअर नव्हती, म्हणून इतर मुलांच्या मागे ती हातांवर चालत फिरायची. 'या सामा' म्हणायची, म्हणजे रशियनमध्ये 'माझं मी करते'. पुढे डेबोरा मॅकफॅडन यांनी तिला दत्तक घेऊन अमेरिकेत नेलं. या गोष्टीनं डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. पण अंतिम रेषेवरचा कॅमेरा डोळ्यांतलं पाणी मोजत नाही.

राहिला खटला, आणि मजकुरातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य. अथेन्सची दोन पदकं घेऊन आलेली ही मुलगी मेरिलंडमधल्या आपल्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक्स संघात गेली. तिथे तिला इतर मुलींबरोबर धावू देईनात. त्यांची शर्यत संपायची, ट्रॅक मोकळा व्हायचा आणि मग ही एकटी फेऱ्या मारायची. शेजारी कुणी नाही, पुढे कुणी नाही. पॅरालिम्पिकच्या भरलेल्या स्टेडियममध्ये धावून आलेल्या पोरीला रिकाम्या ट्रॅकवर किती एकटं वाटलं असेल! २००६ साली न्यायालयानं तिच्या बाजूनं आदेश दिला. २००८ साली मेरिलंडनं अपंग विद्यार्थ्यांना शालेय खेळांत संधी देणं कायद्यानं बंधनकारक केलं. २०१३ साली अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं देशभरातल्या शाळांना तशाच सूचना दिल्या.

पैशासाठी म्हणता, तर त्या खटल्यात नुकसानभरपाई मागितलेलीच नव्हती. मागणं एवढंच होतं की बार उडेल तेव्हा मलाही इतर मुलींच्या शेजारच्या पट्ट्यात असू द्या.