सर, त्या ३०० युरोंचा हिशोब आणि 'पांगळी' मुलं

सर, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर देणार होते पण दुसऱ्या दिवशी सकाळी युबुंग्सब्लाट, म्हणजे दर आठवड्याची गणितांची शीट, द्यायची होती म्हणून थांबले. बरं झालं थांबले, त्या रात्री लिहिलं असतं तर जरा तिखटच झालं असतं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी इथल्या (जर्मनीतल्या) गणित विभागाच्या विद्यार्थी संघटनेबद्दल, म्हणजे फाखशाफ्टबद्दल भरभरून लिहिलं होतं. सांगलीकडच्या एका निवृत्त गणिताच्या सरांनी त्यावर लिहिलं की गणिताच्या मुलाला वही, पेन आणि एकांत लागतो, बाकी कॉफी, खेळ आणि जुने पेपर म्हणजे मुलांना पांगळं करण्याचे धंदे. शिवाय युनियन म्हटली की राजकारण आलंच, आणि 'फी नाही फी नाही म्हणता मग ३०० युरो कसले भरता, ते ह्यांच्याच खिशात जातात ना?' आणि शेवटी एक ओळ, की त्यांची एक विद्यार्थिनी ऑक्टोबरमध्ये इकडे येतेय, तिला ह्या भानगडीपासून लांब राहायला सांगणार आहेत.

ही शेवटची ओळ नसती तर मी 'धन्यवाद सर' लिहून सोडून दिलं असतं, खरंच.

आधी पैशाचं उरकते. ३०० च्या वर भरते हे बरोबर, पण ती फी नाही, तो सेमिस्टरचा बायट्राग, वर्गणी म्हणा. २०२५च्या उन्हाळी सेमिस्टरला त्यातले २०८ युरो ८० सेंट निव्वळ प्रवासाच्या पासाचे होते, महिना ३४.८० च्या हिशोबानं, आणि त्या पासावर अख्ख्या देशात बस, ट्राम, लोकल, पॅसेंजर सगळं चालतं. उरलेल्यातला मोठा भाग मेस आणि हॉस्टेल चालवणाऱ्या संस्थेला जातो. विद्यार्थी संघटनेच्या वाट्याला माझ्या पावतीवर १५ युरोही नव्हते. एवढ्यात कुणाचा बंगला होत नाही सर. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो वेगळी फी २०१७ पासून आहे, तुमची विद्यार्थिनी तिकडे जाणार असेल तर आधीच बघून घ्या.)

आणि इथं माझी एक चूक कबूल करते, जी तुम्ही पकडली नाहीत पण दुसऱ्या एका वाचकानं मेलवर पकडली. मी लिहिलं होतं की फाखशाफ्ट घरमालकाच्या भांडणात वकिलाचा सल्ला देते. ते चूक. भाडं, नोकरी, व्हिसा असल्या गोष्टींसाठी सल्ला देणारी ती आस्टा, म्हणजे अख्ख्या युनिव्हर्सिटीची मिळून एक विद्यार्थी संघटना. फाखशाफ्ट फक्त आपापल्या विषयाची. माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली होती.

आता राजकारण. आस्टामध्ये राजकारण असतं, पॅनल असतात, निवडणुका होतात, मतदान बेताचंच होतं, नाकारत नाही. तुम्ही आपल्याकडे जे डोळ्यांनी पाहिलंत त्यावर मी काय बोलणार, माझा तेव्हा जन्मही नव्हता. पण एक गंमत सांगते. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानं कॉलेजातल्या निवडणुका गेल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले, मग २०१६च्या कायद्यात निवडणुका कागदावर परत आल्या. इकडे बाडेन-वुर्टेमबर्गनं १९७७ मध्ये विद्यार्थ्यांची कायदेशीर संघटनाच मोडीत काढली, कारण तेच, पोरं राजकारण करतात, आणि ती परत यायला २०१२ उजाडलं. बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यात तर ती सत्तरच्या दशकात गेली ती गेलीच. तरी त्या सगळ्या वर्षांत गणिताच्या मुलांनी आपापली फाखशाफ्ट अनौपचारिकपणे चालवलीच, कारण जुन्या पेपरांच्या फायली कुणीतरी सांभाळायला लागतात ना. (जर्मन बोलणाऱ्या देशांमधल्या गणिताच्या फाखशाफ्टांचं दर सेमिस्टरला संमेलन भरतं, त्याच्या नावाचं लघुरूप 'कोमा'. आईला फोनवर सांगितलं 'पोरं कोमाला गेलीत' तर ती घाबरलीच.)

आता मुख्य मुद्दा, पांगळेपणाचा.

सर, इथं मास्टर्सला बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते. साधारण अर्धा तास, समोर प्रोफेसर, बाजूला नोंदी घेणारा एक जण. हे आपल्याकडे कुणी शिकवलेलं नसतं. मी बी.एस्सी.ला तीन-तीन तास पेपर लिहिलेली मुलगी, तोंडी म्हटलं की मला प्रॅक्टिकलची व्हायवाच आठवायची, जिथं एक्स्टर्नल 'नाव काय, गाव कुठलं' विचारून सोडायचे. फंक्शनल ॲनालिसिस ह्या गणितातल्या विषयाच्या तोंडी परीक्षेआधी तीन आठवडे मला झोप नव्हती. तेव्हा एका मुलीनं विचारलं, प्रोटोकॉल घेतलेस का? मी म्हटलं कसला प्रोटोकॉल.

तर फाखशाफ्टच्या खोलीत, सोफ्याच्या मागे, एक कपाट आहे. त्यात प्रोफेसरांच्या नावानं फायली. परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी आठवेल तसं लिहून ठेवतो, पहिला प्रश्न काय, कुठं अडकलो, सर कसे वागले, ग्रेड काय मिळाली. फाइल न्यायची तर डिपॉझिट ठेवायचं, आणि ते परत कधी मिळतं माहितीये? फाइल परत केल्यावर नाही, तुमची परीक्षा झाल्यावर तुमचा स्वतःचा प्रोटोकॉल आणून दिल्यावर. मला ही आयडिया इतकी आवडली की काय सांगू, कारण ह्यात उपकार कुणी कुणावर करत नाही, घेतलंस तर ठेवून जा, बस.

तुम्ही म्हणाल हे म्हणजे अप्पा बळवंत चौकातले अपेक्षित प्रश्नसंच झाले. मलाही वाटलं होतं. मग अकरा जणांचे प्रोटोकॉल वाचून काढले. काही २०१०च्या आसपासचे, एक तर असल्या अक्षरात की गणिताचं होतं म्हणून कळलं. त्यात उत्तरं नव्हतीच. होतं ते हे, की माझी परीक्षा घेणाऱ्या प्रोफेसर बाई सिद्धता फारशी विचारत नाहीत, तुम्ही प्रमेय सांगितलं की लगेच म्हणतात 'आता एखादी अट काढून टाका, काय बिघडतं?' हान-बानाखचं प्रमेय सांगितलं की उदाहरण मागतात. अनंत डायमेन्शनमध्ये क्लोज्ड युनिट बॉल कॉम्पॅक्ट का नसतो हे विचारून गप्प बसतात आणि तुम्हाला रीसचं लेमा स्वतःहून आठवायची वाट बघतात. एका मुलानं लिहिलं होतं, 'शांततेला घाबरू नका, बाई विचार करायला वेळ देतायत, नापास करत नाहीयेत'.

हे एक वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं सर?

प्रश्न माहीत असून उत्तर येत नसलं की काय होतं ते गणिताच्या मास्तरांना मी सांगायला नको. मी उरलेले आठवडे पाठांतर केलं नाही, प्रत्येक प्रमेयासमोर बसून एकेक अट काढून बघितली. तुम्ही वर्गात हेच सांगत असणार, खात्री आहे मला. आणि ही माहिती इथल्या मुलांना तशीही मिळतेच, त्यांचे दोन वर्षं पुढचे मित्र असतात, कुणाची बहीण इथंच शिकलेली असते. कपाट नसतं तर फक्त माझ्यासारखीला मिळाली नसती. एकांत चांगला असतो सर, पण मला तो पहिल्या सेमिस्टरला इतका मिळाला की शीटा दोघांत मिळून द्यायची परवानगी आहे हेच मला चार आठवडे कळलं नव्हतं. परीक्षेला बसायला ह्या शीटांमध्ये निम्मे मार्क लागतात आणि मी एकटी दोघांचं काम करून ४० टक्क्यांवर लोंबकळत होते. त्याच खोलीत कॉफी घेताना (कप घेतला की भिंतीवरच्या यादीत आपल्या नावापुढे रेघ मारायची, महिनाअखेर पैसे डब्यात टाकायचे, कुणी बघत नाही) एकानं विचारलं तुझा पार्टनर कोण, तेव्हा कळलं.

अजून एक. लेखी परीक्षेत एकदा माझे मार्क फार कमी आले. आपल्याकडे काय, फोटोकॉपीचे पैसे भरा, वाट बघा, मग रिव्हॅल्युएशनचे भरा. इथं म्हणे आइनझिश्ट असते, ठरलेल्या दिवशी जाऊन आपला तपासलेला पेपर हातात घेऊन बघता येतो. मी भांडखोर दिसेन म्हणून जाणार नव्हते. फाखशाफ्टमधल्या मुलीनं हाताला धरून नेलं. तर एका पानाची मागची बाजू तपासलीच नव्हती. तिथल्या तिथे मार्क वाढले आणि तपासणाऱ्यानं सॉरी म्हटलं, ह्याचाच मला जास्त धक्का बसला.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. मागची पोस्ट मी जरा जास्तच गोड लिहिली होती. ह्या सगळ्या गोष्टी जर्मनमध्ये चालतात. मीटिंगा जर्मनमध्ये, नोटिसा जर्मनमध्ये, जुने प्रोटोकॉल तर बहुतेक जर्मनमध्येच, आणि गेम नाइटला दहाव्या मिनिटाला सगळे इंग्रजी विसरतात. मुद्दाम नाही करत, पण आपण खुर्चीत बसून हसायच्या वेळी हसतो. आणि नैराश्य वगैरे गंभीर असेल तर ही पोरं काही करू शकत नाहीत, ती फक्त सांगतात की समुपदेशन कुठे मिळतं, पुढचं आपलं आपण. पोस्टमध्ये मी असं लिहिलं होतं जणू खोलीत शिरलं की सगळं ठीक होतं. तसं नाही.

तर तुमच्या विद्यार्थिनीला लांब राहा म्हणून सांगू नका. लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, त्याआधीच्या ओळख-आठवड्याला तिनं पोचायलाच हवं. व्हिसाच्या उशिरामुळे आपली बरीच मुलं नेमका तोच चुकवतात, मीही चुकवला होता आणि ते चार आठवडे त्याचेच फळ. जर्मन जेवढं जमेल तेवढं शिकून येऊ दे. माझा मेल आयडी बाजूला आहेच, कुठल्या युनिव्हर्सिटीत येतेय ते कळवायला सांगा. आणि बॅगेत जागा असेल तर चहा पावडर टाकू दे, त्या खोलीत कॉफीचं मशीन आहे पण चहाच्या नावानं बोंब आहे.