प्रूस्त, प्रेम आणि भास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रूस्तच्या कादंबरीत प्रेम हा भास आहे, असे म्हणणारा माझा लेख मन लावून वाचलात आणि इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. प्रेम हा निव्वळ भास असेल, तर त्यावर ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ ही सात खंडांची कादंबरी लिहिणाऱ्या फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तने सत्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात, असा आपला आक्षेप आहे. त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द माझ्याच लेखातला आहे आणि तो चुकला, हे आधी मान्य करतो.

कादंबरीच्या पहिल्या खंडातला श्रीमंत, कलाप्रेमी स्वान ज्या ओदेतच्या प्रेमात पडतो, ती त्याला सुरुवातीला मुळीच आवडलेली नसते. एकदा तो तिला दाखवायला एक चित्र घेऊन जातो. तिला बरे नसते. केस मोकळे सोडून, मान कलती करून ती ते पाहत असताना व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर चित्रकार बोत्तिचेलीने रंगवलेली सिपोरा, म्हणजे बायबलमधल्या मोझेसची पत्नी, त्याला तिच्यात दिसते, आणि पुढे ओदेतचे छायाचित्र म्हणून तो टेबलावर ठेवतो ती त्या सिपोराची प्रतिकृती. इथवर सगळा भासच आहे.

परंतु याच भासातून मत्सर जागा होतो, आणि तरुणपणच्या अभ्यासात स्वानला लागलेली सत्याची ओढ त्या मत्सराबरोबर परत येते, असे प्रूस्त दाखवतो. रात्री उशिरा ओदेतच्या खिडकीत उजेड पाहून, ती दुसऱ्या कुणाबरोबर आहे या संशयाने तो दार वाजवावे तशी तावदाने वाजवतो; उघडतात ते दोन अनोळखी म्हातारे, कारण खिडकी शेजारच्या घराची असते. खिडकी चुकली, पण जाणून घेण्याची तहान खरी होती. आपण याला रिकामटेकड्या श्रीमंतांचे दुखणे म्हटलेत. मला तो प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो.

स्वानचे खरे अपयश मला वेगळे वाटते. चित्रकला त्याने प्रेमाच्या दिमतीला लावली आणि डच चित्रकार व्हर्मीरवरचा त्याचा अभ्यास अपुराच राहिला. त्याच व्हर्मीरच्या डेल्फ्ट शहराच्या चित्रातला भिंतीचा पिवळा तुकडा पाहायला कादंबरीतलाच एक लेखक, बर्गोत, आजारपणातही बाहेर पडतो, आणि आपले अलीकडचे लेखन कोरडे झाले, शब्दांवरही असेच रंगाचे थर चढवायला हवे होते, हे उमगत असतानाच तिथे कोसळून मरतो. स्वतः खंगलेल्या प्रूस्तने १९२१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते चित्र पाहिले होते. पुढच्या वर्षी १८ नोव्हेंबरला तो गेला, तेव्हा कादंबरीचे शेवटचे खंड छापून व्हायचे होते. बर्गोतचा मृत्यू त्यांतल्याच एका खंडात आहे. आपण पहिल्या खंडापाशी थांबला आहात, असे प्रतिक्रियेवरून वाटले. तेवढी पाने जरूर वाचा आणि मग पुन्हा लिहा.