३०एक्स भिंगाचा चाकू? आधी कागद-पट्टी काढा

रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: घडीचा भिंगवाला चाकू घ्यायचा तर ३०एक्सचाच (वस्तू तीसपट मोठी दाखवणारा) घ्या, स्टेनलेस असला की खाऱ्या हवेची चिंता नाही, आणि वेळ पडली तर त्याच भिंगाने चूलही पेटते.

३०एक्स ही निव्वळ थाप. भिंगाची ताकद म्हणजे ढोबळमानाने २५० भागिले नाभीय अंतर (भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट पडते तिथपर्यंतचं अंतर), मिलिमीटरमध्ये. म्हणजे ३०एक्सला हे अंतर जेमतेम ८ मिमी हवं. दोन सेंटीमीटर व्यासाची अख्खी काचेची गोटी घेतली तरी ती १७एक्सच्या आसपास अडते, मग तेवढ्याच रुंदीची चपटी चकती ३०एक्स कुठून होणार? दुकानातच तपासा. दूरच्या माडाची उलटी प्रतिमा भिंगातून कागदावर पाडा, ती स्पष्ट झाली की भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ५० मिमी भरलं तर ५एक्स, ३१ भरलं तर ८एक्स. मोहरावरचे तुडतुडे, फुलकिडे किंवा बोटात मोडलेला करवंदीचा काटा बघायला एवढं पुष्कळ झालं. (ताकद वाढली की दिसणारा भाग आक्रसतो, आणि डोकं इतकं जवळ न्यावं लागतं की आपलीच सावली पडते, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत.) नारळावरची इरिओफाईड कोळी ही सूक्ष्म कीड मात्र जेमतेम पाव मिलिमीटरची. देठाजवळच्या पाकळ्यांखाली ती शोधायची तर १०एक्सचं वेगळं भिंग गळ्यात अडकवा.

चुलीचं म्हणाल तर भरउन्हात चौरस सेंटीमीटरला साधारण ०.१ वॉट ऊन मिळतं. चाकूतलं भिंग असतं जेमतेम तीन चौरस सेंटीमीटरचं. काळा कागद कोळपेल, फार तर धुमसेल. आषाढात तर ऊनच नाही. काडेपेटी डब्यात ठेवा.

राहिला गंज. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर मीठ फोडतं, आणि पात्याला धार टिकावी म्हणून त्यात कार्बन जास्त असतो, त्यामुळे ते ताटवाटीपेक्षा लवकर डागाळतं. सुरुवात पात्यावर नाही, बिजागरीत होते. मासळी किंवा कैरी कापून झाली की चाकू गोड्या पाण्याने धुवा, कोरडा करा, सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब सोडा.

आणि घेताना चाकूतला चिमटा बाहेर ओढून उजेडासमोर धरा. टोकं जुळत नसतील तर भिंगात दिसलेला काटा काढणार कशाने?