मॅटर्निटी लीव्हवरचा तो फॉरवर्ड आणि त्यातल्या थापा

उद्योजकांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. 'नवीन लेबर कोड आला, बाई कामावर घेतली की सहा महिने घरबसल्या पगार मालकाच्या खिशातून, वर्ष झालं नसेल तर किंवा कॉन्ट्रॅक्टवर असेल तर द्यायची गरज नाही, सगळ्यात बरं म्हणजे पुरुषच घ्या.' मी पेरोलची कामं बघतो, जो तो हेच पाठवून 'खरंय का हो' विचारतो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नवीन काय आहे यात? 26 आठवड्यांची पगारी लीव्ह 1 एप्रिल 2017 पासून आहे, आधी 12 होती. 21 नोव्हेंबर 2025 ला कोड लागू झाले तेव्हा 1961 चा मॅटर्निटी बेनिफिट कायदा त्यातल्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, आठवडे तेवढेच राहिले. दोन मुलं आधीच असतील तर 12.

आता मालकाचा खिसा. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कटत असेल तर लीव्हचे पैसे ईएसआयसी, म्हणजे तो विमा चालवणारं सरकारी महामंडळ देतं, मालक नाही. 18,000 पगाराचं धरा, मालकाचा वाटा 3.25 टक्के म्हणजे महिना 585 रुपये, बाईचे 135, आणि 26 आठवड्यांचे साधारण 1 लाख 9 हजार थेट तिच्या खात्यात. अट एवढीच की आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (वाटा भरायचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून 70 दिवसांचा वाटा भरलेला हवा, आणि घोळ इथेच होतो, कारण बरेच मालक 'बघू टिकते का' म्हणत नावच उशिरा चढवतात आणि मग क्लेम अडकला की शिव्या कायद्याला!

हां, 21,000 च्या वर मात्र फॉरवर्ड बरोबर आहे, तिथे पूर्ण पगार मालकानेच द्यायचा, आणि पंधरा माणसांच्या ऑफिसला तो जड जातो हे मी नाकारणार नाही. सरकारने यात वाटा उचलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचा राग त्या बाईवर कशाला? बजेटमध्ये तरतूद करा, सहा महिन्यांसाठी टेम्पररी माणूस घ्या, काम कोणाकडे द्यायचं ते आधीच ठरवा, कळायला चांगले चार-पाच महिने मिळतात की.

वर्षाची अट कुठून काढली देव जाणे. मालकाने द्यायची असेल तेव्हा डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम, बस. कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर 2023 मध्ये कविता यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लीव्ह चालू असताना कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली तरी फायदे पूर्ण द्यायचे. लीव्हवर असताना नोटीस देऊन काढणंही बेकायदेशीर आहे.

पाळणाघरावरून पण घाबरवतात. ते 50 माणसं असतील तर लागतं (फक्त बायका नाही, सगळे मोजायचे), आणि कोडमध्ये चार-पाच युनिटनी मिळून एक चालवायची सोय आहे, एमआयडीसीत शेजारी शेजारी शेड असणाऱ्यांना हे सहज जमेल.

राहिलं 'पुरुषच घ्या'. नवीन कोडपैकीच वेतनाचा जो वेजेस कोड, त्याच्या कलम 3 मध्ये भरती करताना बाई-पुरुष भेद करायला मनाई आहे, 1976 च्या समान वेतन कायद्यातही होती. त्यामुळे तो मेसेज वाचून जाहिरातीत 'फक्त पुरुष उमेदवार' टाकलं असेल तर आधी ती काढा.