नेम, नवस आणि एक रुपयाचा विमा

श्रद्धा म्हणजे शेवटी भावनाच, असं ठासून सांगणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक श्रद्धेला हसणारे आणि दुसरे ज्यांच्या भावना दर आठवड्याला दुखावतात ते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या मंडळींचं इथे मात्र एकमत! मला ते पटत नाही.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटरची चाल. एवढ्या वाटेवर सारखा कुणाचा ऊर भरून येत नसतो. पायाला फोड, भिजलेली राहुटी, पाण्याच्या टँकरपुढची रांग आणि डोक्यात घरच्या दुबार पेरणीची धास्ती. जुन्या माळकऱ्याला विचारा, का येता? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नेम हाय." बरं, इतकं चालून कित्येक जण गाभाऱ्यापर्यंत जातही नाहीत. कळसाला हात जोडतात, परतीची एसटी धरतात.

मग श्रद्धा ही हमी म्हणावी का? तेही नाही. 2023 च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीक विमा दिला, तेव्हा अर्ज भरणाऱ्यांत माळकरी नव्हते थोडेच! भरपाई कुणाकडे मागायची आणि अभंग कुणापुढे म्हणायचा, हे शेतकऱ्याला पक्कं कळतं. देवाकडून हमी मागतो तो नवस. त्याची तर तुकोबांनी 'नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती' म्हणून पार सालटी काढली.

याच तुकोबांची बायको दुष्काळात 'अन्न अन्न' करत गेली. देवावर रुसून 'माझे लेखीं देव मेला' म्हणणारेही तेच. आज कुणी ही ओळ नाव न घालता पोस्ट केली, तर संध्याकाळपर्यंत तक्रार दाखल होईल. वारकऱ्यांनी ती गाथेत जशीच्या तशी ठेवली. देवाशी भांडण झालं म्हणून नातं तुटत नाही, एवढी त्यांची खात्री होती. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, तेव्हा कळलं की आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांना देव जाणवतच नव्हता. काम मात्र थांबलं नाही.

म्हणून मी श्रद्धेला भरवसा म्हणेन. देव अमुक करेल असा नव्हे. त्याने काही नाही केलं तरी मी त्याला सोडणार नाही, असा. म्हणजे तो जास्त करून स्वतःवरचाच.

मग ही नुसती सवयच की, असं कुणीतरी कॉमेंटमध्ये म्हणेलच. पण सवय मोडली की माणूस तिच्याशिवाय जगायला शिकतो. 2020 आणि 2021 मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रिंगण नाही, गर्दी नाही, सलग दोन वर्षं पायी वारी नाही. सवय सुटायला एवढं पुरेसं होतं. 2022 ला वाट उघडली आणि दिवेघाट पुन्हा माणसांनी भरला.